आंब्यावरचा तुंबा

शिंक्याच्या दोरीला मुंग्या लागल्या होत्या म्हणून मी वाळक्या भोपळ्याचा तो बियांचा तुंबा खाली घेतला, एवढंच निमित्त. छातीशी धरून मी एका हातानं दोरी झटकू लागले, तसा तुंबा जरासा कलला आणि आतून आवाज आला. खडखड.

मी होते तिथेच थिजले.

नाचणी खडखडत नाही. नाचणीचा दाणा मोहरीएवढा. तुंब्यात भरून तो कलता केला, की ओढ्यातली रेती पायाखालून सरकावी तसा सरसर आवाज येतो. हा आवाज जाड बियांचा होता. काकडी, दोडका, डांगर, वाल. परसातल्या वेलांचं बी.

"कौसा, काय करतीस गं तिथं?" सासूबाईंनी तीन दगडांच्या चुलीपासून हाक मारली.

"मुंग्या लागल्यात, आत्याबाई."

"मग झटक नि ठेव जागेवर. जपून. साऱ्या वाडीचा जीव हाये त्यात."

मी दोरी झटकली, तुंबा पुन्हा शिंक्यात ठेवला, शिंकं आंब्याच्या फांदीला अडकवलं. हातातल्या हिरव्या बांगड्या किणकिणत राहिल्या. त्या बांगड्या मला त्या तुंब्यापायीच मिळाल्या होत्या.

नऊ दिवसांपूर्वी आमची हिरडवाडी जळाली होती. चैत्र उतरणीला लागला होता, वाडीतली माणसं रानात हिरडा गोळा करायला पांगली होती. वणवा समोरच्या कड्यावर असतोच दर वर्षी. लांबून लाल चंद्रहार घातल्यासारखा दिसतो, आणि आम्ही त्याच्याकडे पाहत भाकरी खातो. त्या दिवशी दुपारी वारा फिरला. भाकरी भाजून व्हावी इतक्या वेळात वाळलं गवत पेटत पेटत अंगणात आलं. कारवीच्या कुडाची, गवतानं शाकारलेली अकरा घरं. सोमा आजा बैलांची दावी कापायला मागे फिरले. बैल सुटले; आजा सुटले नाहीत.

सासूबाईंच्या कडेवर शेजारच्या दादूचं पोर होतं. त्या उताराला लागल्या आणि मागे वळून ओरडल्या, "कौसा, बियाचा तुंबा घे!" मी पेटत्या छपराखाली शिरले, चुलीवरच्या आढ्याला लोंबणारा तुंबा ओढला आणि पदराखाली घेऊन धावत सुटले. पाठीवरचे केस जळाल्याचा वास मला खाली ओढ्यात पोचल्यावर आला.

त्या आढ्याला तुंबे दोन होते. एक चुलीच्या बरोबर वर, एक जरा दाराकडे. माझ्या माहेरी धान्याचं बी धुरात ठेवतात, म्हणजे कीड लागत नाही, आणि परसातलं बी दाराकडे. मी लग्न होऊन आले त्याला आठ महिने झाले होते. या घरात ते उलट होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. आगीत माणूस विचार करत नाही. आगीत हात माहेरी जातो.

आणि आगीत गेलेलं ते बी साधं नव्हतं. ती ठुशी नाचणी. तिचं कणीस आतल्या बाजूला वळलेलं, दाणे गळ्यातल्या ठुशीसारखे एकमेकांना बिलगून बसलेले. उभ्या उतारावर, वाऱ्याच्या तोंडावर उभी राहावी तर तिनेच. मदतीच्या पोत्यांसोबत तालुक्याहून दुसरं बी आलं होतं. चांगलं होतं, पण सपाटीचं. खेमा बाबांनी पूर्वी दोनदा ते करून पाहिलं होतं. दोन्ही वेळा भादव्याच्या वाऱ्यात त्या पिकानं मान टाकली होती.

खेमा बाबा म्हणजे वाडीतले सगळ्यात वडीलधारे. वणव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर दादूनं गाठोडं बांधलं होतं. गाठोड्यात बांधायला होतं काय, मदतीतली दोन पातेली आणि एक चादर.

"मी चाललो, बाबा," तो म्हणाला. "तिकडं कांद्याच्या वावरात काम हाये. बायकापोरं घेऊन जातो. घर काय, बांधता येईल. पेरायचं काय? राख?"

त्याच्या मागे आणखी तीन घरं निघायला उभी होती. चार घरं गेली असती, तर उरलेली सातही आषाढापर्यंत पांगली असती. तेव्हा माझ्या सासूबाई, ठकूबाई, उठल्या. त्यांनी तो तुंबा माझ्या हातातून घेतला, आंब्याखाली आल्या, आणि सगळ्यांना दिसेल असा फांदीला टांगला.

"बी हाये," त्या म्हणाल्या. "मपल्या सुनेनं आगीतून आणलंय. आता घरं बांधा."

दादूनं तुंब्याकडे पाहिलं. मग गाठोडं सोडलं.

खालच्या गावानं तेव्हा एक रीत काढली. एका घरानं एक कूड द्यायचा. त्यांच्या अंगणात कारवी विणली जायची, आणि सकाळी चौघेजण एक अख्खी भिंत डोक्यावर घेऊन डोंगर चढताना दिसायचे. लांबून वाटावं, घरंच पायांनी चालत येतायत. त्यांच्याबरोबर कासार आला आणि सगळ्या बायांना फुकट बांगड्या भरून गेला. माझी पाळी आली तेव्हा चिंधीकाकू मध्येच म्हणाल्या, "हिला डझनभर भर रं! हिनं वाडीचं बी वाचवलं." आणि माझ्या मनगटात जागा उरली नाही.

आता नवव्या दिवशी मला कळलं होतं, की मी वाडीचं बी नाही, वाडीच्या काकड्या वाचवल्या होत्या.

रोहिणी लागल्या की तुंबा उघडायचा, घरटी मूठमूठ बी वाटायचं, असं ठरलं होतं. हातात जेमतेम पाच आठवडे होते. नवऱ्याला सांगावं म्हटलं तर त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून मी सासूबाईंनाच सांगायचं ठरवलं.

जळक्या घरातून जातं तेवढं शाबूत निघालं होतं. खुंटा जळाला होता, तिथे दादूनं नवा ठोकून दिला होता. सासूबाई मदतीची ज्वारी दळत होत्या. मी समोर बसून खुंट्याला हात लावला.

"आत्याबाई, एक सांगायचं होतं."

"दळताना बोलू नये. पीठ जाडं पडतं."

"पण..."

"गाता येत आसंल तर गा. न्हाईतर गप वैर."

आणि त्या स्वतःच गाऊ लागल्या. त्यांच्या गळ्यात धूर बसला होता, पण ओवी स्वच्छ निघाली:

*डोंगर काळा झाला, काळी झाली वाट,*
*लेकीच्या पावलाला वळखू येई घाट.*

मी दाणे वैरत राहिले. बोलायचं ते पिठात गेलं. पण ओवीतली लेक माझ्या मनात बसली. आमच्याकडे वाडीची लेक सासरी निघाली की तिच्या ओटीत नारळ-तांदळांबरोबर आई ठुशी नाचणीची एक मूठ घालते. लेक ती मूठ सासरच्या बांधाला पेरते, माहेरची आठवण म्हणून. म्हणजे वाडीचं बी वाडीत नसलं, तरी लेकींच्या बांधाला असणारच.

माझी नणंद राही घाटापलीकडे दिलेली होती. गोधड्या मागायला जाते, असं सांगून मी निघाले. दुपारी पोचले तेव्हा राहीवन्सं अंगण सारवत होत्या.

"ये बाई, ये! आगीतून तुंबा काढणारी सून आली!" त्या शेणाचे हात तसेच ठेवून हसल्या. "सगळ्या घाटात तुझंच नाव. आमची सासू रोज ऐकवती मला: बघ, तुझी वहिनी बघ. तुला तर तव्यावरची भाकरी बी वेळेत काढता येत न्हाई."

मला रडू फुटलं. त्यांनी तसल्याच हातांनी मला जवळ घेतलं. माझ्या पाठीवर दोन पंजे उमटले.

"काय झालं? आई बरी हाये ना?"

"बऱ्या हायेत. वन्सं, मला ठुशी नाचणी पाहिजे. किती बी चालंल."

मग बारीक डोळे करून त्यांनी विचारलं, "कशाला?"

मला खोटं सुचलं नाही. मी खाली पाहत राहिले.

"बरं, नको सांगूस," त्या म्हणाल्या. "पण यंदा माझ्या नाचणीला भलताच भाव आलाय. परवा खेमा बाबा येऊन गेले. म्हणाले, बैलाचं पोट फुगलंय, औषधाला मूठभर दे. एवढ्या लांबून! वाटेत कुणाकडं नाचणी न्हाई म्हणं. मी दिली. म्हातारा माणूस, त्याला काय विचारायचं?"

तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बैल फुगला असेल.

राहीवन्संनी कणगीच्या तळाशी हात घातला, खरवडून दोन मुठी काढल्या आणि म्हणाल्या, "पदर पसर."

"वन्सं, मी ओटी घ्यायला न्हाई आले."

"ही तुझी ओटी न्हाई. ही मपल्या माहेराची. दर वर्षी माहेर मपली भरतं. यंदा मी भरते."

ती दोन मुठींची पुरचुंडी कंबरेला खोचून मी परतले. आता ती तुंब्यात घालायची कशी? तुंब्याचं तोंड शेण-राखेनं लिंपलेलं होतं, आणि त्यावर सासूबाईंच्या पाच बोटांचे ठसे होते. लिंपण फोडलं तर ठसे जाणार. पुन्हा लिंपलं तरी माझी बोटं त्यांच्यापेक्षा बारीक. शिवाय तुंबा चव्हाट्यावर. येता-जाता त्याच्याकडे कुणी ना कुणी पाहायचंच. दादू पाण्याला जाताना त्याच्याखाली घटकाभर थांबायचा. चिंधीकाकू तर त्याला हात लावून नमस्कार करायच्या. मला वाटायचं, किती हा विश्वास! आणि मी आंब्याला वळसा घालून पाण्याला जायचे.

तरी घरं उठत होती. आठवं उठलं, नववं उठलं. खेमा बाबा सत्तरीचे, पण कूड बांधताना पोरांच्या थट्टा करायचे. "ए दादू, गाठ मार, लग्नाची न्हाई, सुटायची नकोय ही!" दादू हसायचा. सगळीच माणसं जरा जास्तच हसत होती, असं आता वाटतं.

रोहिणीचा पहिला दिवस आला. सकाळी मी पाणी आणून बघते, तर घाटातून बायका उतरत होत्या. वाडीच्या लेकी. बोलावलं कुणीच नव्हतं. सात जणी मोजल्या, शेवटी राहीवन्सं. मला वाटलं, नव्या घरांचं कौतुक करायला आल्या असतील.

आंब्याखाली घोंगडी अंथरली होती. सासूबाईंनी तुंबा मांडीवर घेतला. खेमा बाबांनी पुढ्यात सूप ठेवलं.

"पहिली मूठ सोमा आज्याची," ते म्हणाले. "त्याच्या वावरात आधी. मग घरटी."

सासूबाईंनी लिंपणावर विळ्याचं टोक टेकवलं.

"आत्याबाई, थांबा."

माझाच आवाज मला परका वाटला. सगळ्यांनी वळून पाहिलं. मी कंबरेची पुरचुंडी काढून सुपात ठेवली. "त्या तुंब्यात नाचणी न्हाई. माझ्या हातून चुकीचा तुंबा आला. त्यात परसातलं बी हाये. मला नवव्या दिवशीच कळलं. मी बोलले न्हाई. दादूभावजी, तुम्ही त्या तुंब्यावर थांबला होता. मला माफ करा."

आंब्यातून एक कैरी पडली.

मग खेमा बाबांनी डोक्याचा पटका सोडायला घेतला. मला वाटलं, म्हातारा आता तो भुईवर आपटतो. त्यांनी सावकाश शेवटच्या पदरातून एक गाठ काढली.

"नवव्या दिवशी कळलं व्हय तुला?" ते म्हणाले. "मला चौथ्या."

गाठीतली नाचणी त्यांनी सुपात ओतली. सरसर.

"बाबा, तुम्हाला ठावं होतं?" चिंधीकाकू ओरडल्या.

"हलवून बघितला मी. साठ वर्षं नाचणी पेरतोय, कान काय भाड्यानं दिलेत? पण ठकूबाई एवढ्या भरवशानं बोलली, मी कशाला तोंड घालू? म्हटलं, आपण गुपचूप बी आणू. दादूला कळलं तर जाईल निघून."

दादूनं मान खाली घातली होती. त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतोय. वर पाहिलं तेव्हा कळलं, हसतोय.

"बाबा, मी तिसऱ्या दिवशीच हलवला होता."

"आरं मग थांबलास कसा?"

"गाठोडं पुन्हा बांधायला घेतलं होतं. तर तुम्ही या वयात कूड बांधत आरोळ्या ठोकताय. म्हटलं, म्हाताऱ्याला काय सांगायचं? त्याचा जीव गेला आसता." त्यानं खिशातून एक पुडी काढली. "बहिणीकडून आणलीय."

चिंधीकाकूंनी पदराची गाठ सोडली. त्या पाचव्या दिवशी नमस्काराला गेल्या आणि हात लावताना तुंबा हलला. मग एकेक करत गाठी सुटू लागल्या. लुगड्याच्या ओच्यातून, बंडीच्या खिशातून, बाळाच्या टोपड्यातून. कुणी लेकीकडून आणलेली, कुणी बहिणीकडून, कुणी आत्याकडून. अकरापैकी दहा घरांत कुणी ना कुणी तो तुंबा हलवून पाहिला होता, आणि आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही असं समजून बाकीच्यांना सांभाळलं होतं. अकरावं घर आमचं.

"थांबा, थांबा!" राहीवन्सं कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "सगळं माहेर नाचणी मागत सुटलंय, म्हणून बघायला आलो आम्ही. म्हंजे बैलाचं औषध ते हे? अन् चिंधीकाकू, तुमच्या सुनेला पेज पाहिजे होती ना, पोटुशी म्हणून? हितं तर कुणाचंच पोट दिसंना! मपली कणगी धुऊन नेली की तुम्ही साऱ्यांनी!"

हसण्याचा असा लोट उठला, की फांदीवरचे कावळे उडाले. वणव्यानंतर आमची वाडी पहिल्यांदाच खरं हसली. खेमा बाबा हसता हसता डोळे पुसत होते, आणि ते हसण्याचं पाणी होतं की सोमा आज्याचं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

सूप काठोकाठ झालं होतं. सगळे सासूबाईंकडे वळले.

"ठकूबाई, तुम्ही कधी हलवला?"

"मी कशाला हलवू?" त्या शांतपणे म्हणाल्या. "हिच्या हातातून घेतला तवाच वजन कळलं. पस्तीस वर्षं मीच भरतेय."

"मग बी हाये म्हणालात की!"

"हायेच. नाचणीचं हाये असं कुठं म्हणले?"

आणि त्यांनी विळ्यानं लिंपण फोडलं, तुंबा उपडा केला. काकडी, दोडका, डांगर, वाल, चार भोपळ्याच्या बिया. "घ्या," त्या म्हणाल्या. "भाकरीसंगं कोरड्यासाची बी सोय झाली. ती काय तालुक्याहून येणार होती?"

सोमा आज्यांची मूठ खेमा बाबांनी उचलली. मग घरटी वाटप झालं. सासूबाईंनी नव्या खुंट्याच्या जात्यापाशी बसून लेकींसाठी ओवी गायली, आणि साती जणींनी ती उचलली:

*माहेर जळालं बाई, उरली माझी ओटी,*
*दाण्याएवढी माया, डोंगराहून मोठी.*

दिवस कलल्यावर लेकी घाटाला लागल्या. मी भांडी घासत होते, सासूबाई राखेत बोटं बुडवून शेजारी बसल्या.

"मला का न्हाई सांगितलं, आत्याबाई? इतके दिवस सगळे माझं कौतुक करत होते."

त्यांनी माझे केस हातात घेतले. जळालेली टोकं त्यांनीच कातरली होती. केस आता मानेपाशीच संपत होते.

"तू त्या छपराखालून बाहेर आलीस ते मी बघितलंय," त्या म्हणाल्या. "तवा तुझ्या हातात काय होतं ते मला दिसलं न्हाई. तू दिसलीस."

मग लगेच आवाज चढवून, "घास नीट. कढईला काळं तसंच हाये."

त्या साली काकड्या इतक्या आल्या, की खालच्या गावात प्रत्येक कुडामागे एक टोपली पोचली. नाचणी वाऱ्यात उभी राहिली. दादूचं ते कडेवरचं पोर आता वाडीचा सरपंच आहे.

चाळीस वर्षं झाली. तुंबा आता मी भरते. दर वर्षी वणव्याच्या तिथीला अकराही घरांत चूल थंड असते आणि खालचं गाव जेवण घेऊन वर येतं. रोहिणीला आम्ही सोमा आज्यांच्या नावानं पहिली मूठ टाकतो. या फाल्गुनात पलीकडच्या डोंगरावरची एक वाडी जळाली. कूड आम्ही विणले, पोरं भिंती डोक्यावर घेऊन निघाली. मी त्या वाडीसाठी तुंब्यात ठुशी नाचणी भरली, आणि तोंड लिंपायच्या आधी वरून काकडीच्या आणि वालाच्या बिया टाकल्या.

नवी नातसून शेजारी बसून पाहत होती. अजून तिला घरातलं डावं-उजवं ठाऊक नाही.

"आजी, नाचणीत ते काकडीचं बी कशाला हो?"

मी लिंपणावर पाच बोटं दाबली.

"कुणी हलवून बघितला तर वाजायला."